तळाचा पत्ता

मुलगी मागायला आलेला माणूस खिशातून काय काढतो? रुमाल काढतो, घाम पुसतो. फार तर कामाच्या ठिकाणचं ओळखपत्र काढून दाखवतो. आमच्याकडे आलेल्या चष्मेवाल्याने पत्त्यांचा कॅट काढला. तेव्हाच मी मनात म्हटलं, बाई गं, इथे कुठंतरी पाणी मुरतंय.

आधी मी कोण ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई उगाच लोकांवर संशय घेत सुटलीय. संशय घेण्याचाच मला पगार मिळतो. मोठ्या रस्त्यावरच्या तीन मजली कपड्यांच्या दुकानात बाहेर जायच्या दाराशी मी उभी असते. बायकांच्या पिशव्या उघडायच्या, बिल आणि माल जुळतोय का बघायचं, आणि आत जाताना सडपातळ असलेली बाई बाहेर येताना गरोदर दिसली, तर तिला गोड बोलून बाजूच्या खोलीत न्यायचं. दुकानात काम करणाऱ्यांची झडतीही मीच घेते, सकाळी आत येताना आणि संध्याकाळी बाहेर पडताना. त्यात माझी सख्खी बहीण असली तरी सूट नाही. ती वरच्या मजल्यावर गिऱ्हाइकांचे कपडे लहानमोठे करून देते. रोज रांगेत उभी राहते, रोज पर्स उघडून दाखवते आणि रोज विचारते, "ताई, डबापण उघडू का?" मी म्हणते, "उघड."

ही माझी धाकटी. आई गेली तेव्हा ती फ्रॉक घालत होती, आणि वडिलांनी त्याच्या कितीतरी आधी घर सोडलेलं. तेव्हा तिची वेणी मी घातली, तिचा अभ्यास मी घेतला, तिच्या तापात उशाशी मी बसले. आई मी आणि बापही मीच. माझं लग्न त्या धांदलीत राहून गेलं, त्याचं काही नाही. आता तिच्याही कपाळाशी केस पांढरे व्हायला लागलेत, पण माझ्या डोळ्यांसमोर ती अजून तोच फ्रॉक घालून फिरते. सकाळी आम्ही बरोबर निघतो, संध्याकाळी बरोबर परततो, सुट्टीही एकाच दिवशी. शेजारीण म्हणते, तुम्ही बहिणी म्हणजे एका कुलपाच्या दोन किल्ल्या. मी म्हणते, किल्ली एकच आहे आणि ती माझ्याकडे असते.

चष्मेवाला आमच्या दुकानासमोरच्याच दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवतो. माझा चष्मा तिथेच केलेला. तो तयार झाल्यावर आणायला मी धाकटीला पाठवलं, आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं. काही महिन्यांनी ती मला म्हणाली, "ताई, एकजण भेटायला येणार आहेत. जरा नीट बोल."

"मी कधी वाईट बोलते?" मी विचारलं.

आला तो. उंच, खांद्यात जरासा वाकलेला, खुर्चीत बसताना कंबर धरून "आई गं" म्हणणारा. खांद्याला काळी बॅग होती, ती त्याने आतल्या खोलीच्या दाराशी ठेवली. आमच्या दोन खोल्या. बाहेर बसायची, आत ओटा, कपाट आणि आमचे पलंग. धाकटी चहा टाकायला आत गेली आणि मी खुर्ची पुढे ओढली. माझे प्रश्न तयार होते. आधी लग्न झालं होतं का? झालं असेल तर ती कुठे आहे? नसेल तर इतकी वर्षं का नाही? आईवडील? दारू? सिगारेट? पहिला प्रश्न मी तोंडात घोळवत होते तेवढ्यात त्याने तो कॅट काढला.

"ताई, एक गंमत दाखवू?"

"मी काय लहान आहे गंमत बघायला?"

"बरं, पिसा तरी."

हातात कॅट आला की माणूस पिसतोच, त्यात माझा काही दोष नाही. मी चांगला दणकून पिसला आणि परत दिला. त्याने तो टेबलावर ठोकून सरळ केला, पत्ते उलटे पसरले आणि म्हणाला, "कुठलाही एक घ्या. मला दाखवू नका." मी ओढला. बदाम सत्ती. छातीशी घट्ट धरली. त्याने उरलेला कॅट टेबलावर ठेवला. "आता तुमचा पत्ता ह्याच्यावर ठेवा. मग काटा. वरचे निम्मे पत्ते उचलून बाजूला ठेवा आणि खालचे त्यांच्यावर ठेवा." सगळं मीच केलं, त्याने बोटसुद्धा लावलं नाही. माझी सत्ती मधे कुठेतरी गडप झाली. मग तो वरून एकेक पत्ता उचलून सुलटा मांडत गेला. मधेच डोळे मिटायचा, मधेच काहीतरी पुटपुटायचा. बदाम सत्ती आली आणि तो थांबला.

"हीच ना?"

हीच होती. लोकांना अशा वेळी मजा वाटते म्हणे. मला राग आला. माझ्याच टेबलावर, माझ्याच नाकासमोर, माझ्याच हातांनी मला कोणी फसवून जातं म्हणजे काय?

"परत करा," मी म्हटलं.

त्याने परत केली. ह्या वेळी इस्पिकची राणी, आणि तीही सापडली. "परत." किलवर नव्वी. तीही सापडली. चहा आला तेव्हा मी टेबलावर ओणवी होऊन त्याच्या बाह्यांमध्ये डोकावत होते. चहाला धाकटीने भलताच वेळ लावला होता आणि वर साखर घालायला विसरली होती. शेवटी तो उठला, बॅग खांद्याला अडकवली आणि कंबर सांभाळत जिना उतरला. दार लावल्यावर माझ्या लक्षात आलं, माझे सगळे प्रश्न पोटातच राहिले.

"पत्तेबाज आहे," मी धाकटीला म्हटलं.

"अगं, साधी जादू आहे ती. अगदी नवशिके करतात."

"नवशिके काय करतात ते तुला गं काय ठाऊक?"

ती वळून कपबशा धुवायला लागली. कपबशा आधीच धुतलेल्या होत्या.

तो आठवडा मी कसा काढला माझं मला माहीत. दाराशी उभी राहून पिशव्या बघत होते, पण डोक्यात कॅट. माणूस जुगारी असावा. जुगारी नसेल तर भामटा असावा. एवढ्या गोड आवाजात "ताई, ताई" करणारा माणूस सरळ असूच शकत नाही. आणि धाकटीचं काहीतरी बिनसलं होतं. गेले काही दिवस ती आलटून पालटून दोनच कपडे घालत होती. विचारलं तर म्हणाली, "बाकीचे घट्ट होतात." मी म्हटलं, त्या चष्मेवाल्याला साधी राहणारी बाई आवडत असणार. आत्तापासून हिने त्याच्या मर्जीने कपडे घालायला सुरुवात केली, पुढे काय काय होईल!

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. चोरी करणारी बाई चोरायच्या वस्तूकडे बघत बसत नाही. ती आधी एकदाच बघते, ओझरतं, आणि मग सगळीकडे बघते पण तिथे बघत नाही. मी ह्या एका नजरेवर कितीजणी पकडल्यात. म्हणून पुढच्या सुट्टीला तो आला तेव्हा ठरवलं, हात सोडायचे आणि डोळे धरायचे.

त्याने बॅग ठेवली, कंबर धरली, बसला. धाकटी आत गेली. मी स्वतःहून म्हटलं, "काढा तुमचा कॅट." तो खुश झाला, बिचारा. मी पिसला, दिला. त्याने टेबलावर ठोकून सरळ केला, आणि ठोकताना कॅट जरासा, अगदी जरासा, स्वतःकडे कलला. त्याची नजर खाली गेली आणि वर आली. एवढंच. त्यानंतर तो माझ्याकडे बघत होता, छताकडे बघत होता, पण कॅटकडे बघत नव्हता.

हात्तिच्या! मी चेहरा तसाच ठेवला. आणखी दोनदा करायला लावलं. दोन्ही वेळा तेच. ठोकलं की नजर खाली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी दुकानातल्या ट्रायल रूमवर बसणाऱ्या पोरीला पकडलं. कामगारांच्या खोलीत एक जुना कॅट पडलेला असतो, तो घेतला. "पीस," म्हटलं. तिने पिसला. मी टेबलावर ठोकला आणि तळाचा पत्ता चोरून बघितला. किलवर गुलाम. तिने एक पत्ता ओढला, कॅटच्या वर ठेवला, काटला. खालचे निम्मे वर आले म्हणजे तळाचा गुलाम बरोबर तिच्या पत्त्याच्या डोक्यावर जाऊन बसला. मग काय, वरून एकेक पत्ता सुलटा करत जायचं, गुलाम आला की पुढचा तिचा. चौकटची तिर्री! पोरगी किंचाळली. "तुम्हाला कसं कळलं?" मी गंभीर चेहरा करून म्हटलं, "कळतं." खरं सांगू का, इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. सगळ्यांना ती जादू दाखवत सुटले. सफाईवाल्या मावशींना दाखवली, मॅनेजरला दाखवली. फक्त धाकटीला दाखवली नाही. तिच्यासमोर त्याला उघडं पाडायचं होतं.

कारण आता माझ्याकडे मुद्दा होता. जो माणूस माझ्या डोळ्यांत बघून तळाचा पत्ता चोरतो, तो उद्या तिच्या डोळ्यांत बघून काय काय चोरेल? धाकटीला हे एकदा दाखवलं की ती शहाणी होईल, असं मला वाटत होतं. तिचं मन थोडे दिवस दुखेल. दुखू दे. आयुष्यभर रडण्यापेक्षा बरं. आणि घर पुन्हा आमचं दोघींचं होईल.

पुढच्या सुट्टीच्या दुपारी तो आला. मी दार उघडलं ते हसतच. "या या, जादूगार!" त्याला घाम फुटला. चोराच्या मनात चांदणं, म्हटलं, अजून तर सुरुवातही नाही झाली. बॅग नेहमीच्या जागी, धाकटी आत, आणि आम्ही दोघं टेबलाशी.

मी पिसला, दिला. त्याने ठोकला, नजर खाली गेली, वर आली. मी पत्ता ओढला. इस्पिक अठ्ठी. त्याने कॅट टेबलावर ठेवला, "आता ह्याच्यावर," म्हणाला.

"थांबा," मी म्हटलं. कॅट उचलला, त्याच्यासमोर मांडीवर घेतला आणि खसाखस पुन्हा पिसला. मग टेबलावर ठेवला, वर माझी अठ्ठी, आणि काटला. "हं. चालू द्या."

त्याचे कान लाल झाले. तरी तो एकेक पत्ता उचलायला लागला. उचलतोय, ठेवतोय, उचलतोय, ठेवतोय. त्याचा चोरलेला पत्ता आता कुठल्या कुठे गेला असणार. अखेर एकदा थांबला.

"हा?"

चौकटचा राजा. "नाही."

"मग हा असेल."

"नाही."

"हा तरी?"

"अहो, असे बावन्नही दाखवाल. तळाचा पत्ता बघून ठेवायचा आणि मोठे जादूगार म्हणून मिरवायचं! लाज नाही वाटत?" माझा आवाज चढला. आतून धाकटी धावत येईल म्हणून मी दाराकडे बघितलं. ती आली नाही.

आणि चष्मेवाला काय म्हणाला असेल? "ताई, बसा ना. पुन्हा एकदा करतो. आणखी एकदाच."

आता मला सांगा, पकडला गेलेला माणूस काय करतो? तो पळायला बघतो. दाराकडे सरकतो, घड्याळ बघतो, "माझी बस आहे" म्हणतो. माझ्या उभ्या नोकरीत पकडलेल्या कुठल्याही बाईने मला "बसा ना" म्हटलेलं नाही. हा मला बसवायला बघत होता. पत्ते सांडत होते, तरी पिसत होता, आणि त्याची नजर एकदाच, ओझरती, आतल्या खोलीच्या दाराकडे गेली.

तिथे बॅग नव्हती.

मी उठले. "ताई, ताई, चहा येईलच," असं काहीतरी तो म्हणाला आणि माझ्या आडवा आला. मी त्याला बाजूला सारलं आणि आत गेले.

धाकटी जमिनीवर गुडघे टेकून बसली होती. समोर ती काळी बॅग, चेन उघडी, आणि हातात मी विणलेला तिचा स्वेटर. तो बॅगेत बसत नव्हता म्हणून ती गुडघ्याने दाबत होती. ओट्यावर चहाचं आधणसुद्धा ठेवलेलं नव्हतं. मागे कपाट उघडं. तिचा कप्पा रिकामा होता. त्याच्या खालचा रिकामा. हँगर नुसते लटकत होते.

मी पलंगावर बसले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"ते पहिल्यांदा आले तेव्हापासून."

काखेत कळसा नि गावाला वळसा! दिवसभर परक्या बायकांच्या पिशव्या उपसणारी मी, आणि माझ्या घरातून माझी बहीण एका बॅगेतून थोडी थोडी चालली होती. ती बॅग येताना रिकामी लोंबायची आणि जाताना टम्म फुगलेली असायची. मी बघत होते काय, तर बदाम सत्ती!

चष्मेवाला दारात येऊन उभा राहिला होता. हातात अजून ते पत्ते.

"तुम्ही शिकवलंत हिला हे?" मी त्याच्यावर ओरडले.

"मीच शिकवलं त्यांना," धाकटी म्हणाली. ती उठली नाही, पण तिने मान खाली घातली नाही. "मोबाईलवर बघून. नवशिक्यांसाठी सगळ्यात सोपी जादू होती तीच घेतली. तीपण जमत नव्हती. जेवणाच्या सुट्टीत रोज घोकून घेतली मी त्यांच्याकडून."

"पण कशाला?"

"दुकानात आणून तिथून न्यावं तर तू सकाळीच माझी पर्स उघडतेस. घरून न्यावं तर मी एकटी असते कधी? मग म्हटलं, तुझ्यासमोरच न्यायचं. ताई, कोणीतरी आपल्याला फसवतंय असं तुला वाटलं ना, की तुला दुसरं काही दिसत नाही. घर पेटलं तरी तू त्याचे हातच बघत बसशील."

माझ्या तोंडून भलताच शब्द निघाला.

"चोरटी!"

"माझेच कपडे आहेत, ताई."

"आणि जाणार कधी होतीस?"

ती आता मात्र खाली बघायला लागली. चष्मेवाला म्हणाला, "उद्या, ताई. खोली घेतलीय आम्ही. पुढच्या आठवड्यात नोंदणी करून लग्न." धाकटीने त्याला डोळ्यांनी गप्प केलं.

उद्या. म्हणजे उद्या संध्याकाळी मी दाराशी सगळ्यांच्या पर्स बघणार होते, रांग संपणार होती, आणि मी तिची वाट बघत उभी राहणार होते. रखवालदाराने शटर ओढायला घेतलं असतं आणि मी त्याला म्हटलं असतं, थांबा, माझी बहीण वर आहे अजून.

"मी तिथे उभी राहिले असते गं," मी म्हटलं. "कुणाला विचारलं असतं मी?"

"पोचल्या पोचल्या फोन केला असता."

"असं तोंड चुकवून? मी काय तुला बांधून ठेवलं असतं?"

"मागच्या स्थळाच्या वेळी काय झालं? तू त्याच्या ऑफिसात जाऊन शिपायाला विचारलंस. घरमालकाला विचारलंस. त्याच्या इस्त्रीवाल्याला विचारलंस."

"आणि इस्त्रीवाला काय म्हणाला? माणूस चिडका आहे म्हणाला!"

"इस्त्रीवाल्याच्या सांगण्यावरून तू माझं लग्न मोडलंस, ताई."

"मी मोडलं नाही. मी फक्त सांगितलं. नको म्हणालीस ती तू."

"हो. मीच म्हणाले. कारण तू ओरडत नाहीस, रडत नाहीस. 'जा' म्हणतेस, आणि जेवणं सोडतेस. मग मी थांबते. तुझ्यासमोरून मला निघताच येत नाही. म्हणून हे असं."

ती रडत नव्हती. त्याचाच मला संताप आला. लहानपणापासून हिचं रडं मी पुसलं, आणि आता ही कोरड्या डोळ्यांनी माझंच माप माझ्या पदरात टाकत होती. मी उठले आणि म्हटलं, "जा मग. उद्या कशाला? आत्ताच जा. भर ती बॅग आणि चालती हो."

"बघ," धाकटी हळूच म्हणाली, "म्हणालीस की नाही."

चष्मेवाला उगाच पत्ते एकसारखे करत होता. मी खोलीभर बघत राहिले, आणखी काय काय गेलंय ते. तिच्या चपला गेल्या होत्या. उशाशी असायचा तो छोटा आरसा गेला होता. कोपऱ्यात तिची शिलाई मशीन मात्र तशीच होती, लोखंडी पायांची, पायाने चालवायची. सुट्टीच्या दिवशी ती शेजारपाजारच्या लोकांचे पडदे आणि उशांचे अभ्रे शिवून देते. मी खण ओढून बघितला. रिकामा. धागे, कात्री, बॉबिन, सगळं नेलेलं, आणि मशीन तेवढी उभी.

"ही का ठेवलीस?" मी विचारलं. "माझ्यावर उपकार म्हणून? मला तर सुईत दोरा ओवता येत नाही."

"ती बॅगेत बसत नाही."

"ते दिसतंय मला."

"ती उचलायला दोघं लागतात. ह्यांची कंबर अशी. म्हणजे तुलाच विचारावं लागलं असतं."

"मग विचारलं का नाहीस?"

"रोज ठरवत होते," ती म्हणाली, आणि इथे तिला रडू आलं. "रोज सकाळी निघताना ठरवायचे, आज सांगू ताईला. म्हणजे मशीनपण नेता येईल, आणि तूपण येशील खोली बघायला. मग तू पर्स उघडायला सांगायचीस आणि माझा धीर जायचा."

खोटं सांगत नाही, त्या वेळी मनात पहिलं काय आलं ते सांगते. मनात आलं, मशीन राहू दे. मशीन इथे राहिली की हिला तिकडे शिवता येणार नाही, मग शिवायला म्हणून ही येईल, दर सुट्टीला येईल, ह्या कोपऱ्यात बसून शिवेल आणि मी हिला चहा देईन. नाही म्हणायचं, एवढंच करायचं होतं मला. एका शब्दाचं काम होतं. मी मशीनवर हात ठेवून उभी राहिले. लहानपणी हिचं बोट एकदा सुईखाली आलं होतं तेव्हा हिला कडेवर घेऊन मी दवाखान्यात पळाले होते, आणि ही वाटेत माझीच समजूत काढत होती, ताई, दुखत नाहीये गं. आताही तिचं तेच चाललं होतं. माझं दुखू नये म्हणून ही चोरासारखी निघाली होती. मला माझीच लाज वाटली, आणि तिचा रागही आला, दोन्ही.

"अरे ए चष्मेवाल्या," मी म्हटलं, "ते पत्ते ठेव खिशात. कोपऱ्यावर टेम्पो उभा असतो, त्याला बोलाव. आणि तू मशीनला हात लावायचा नाहीस. तुझी कंबर मोडली तर हिने कोणाकोणाचं करायचं?"

तो जो पळाला, कंबर विसरून पळाला.

आम्ही दोघींनी मशीन उचलली. जड म्हणजे किती जड! जिना आमचा अरुंद, वळणावर तर एक माणूस जेमतेम जातो. मी खाली, ती वर. "डावीकडे घे. अगं, तुझी डावी! माझी नव्हे!" मी ओरडत होते. ती एकाच वेळी रडत होती आणि हसत होती. वळणावर दम लागला म्हणून मशीन पायरीवर टेकवली आणि तिथेच बसलो, मशीनच्या अलीकडे पलीकडे. लोखंडी पायांमधून मला तिचा अर्धाच चेहरा दिसत होता.

मला खूप काही विचारायचं होतं. आधी लग्न झालं होतं का त्याचं, दारू पितो का, खोलीला कुलूप धड आहे का. एकही प्रश्न तोंडात येईना. निघालं ते हे:

"तिकडे मी कधी आले तर बसायला जागा आहे ना?"

"आहे." तिने नाक पुसलं. "आल्यावर माझी कपाटं उघडून बघशील?"

खोटं बोलून काय उपयोग होता? ती मला ओळखून होती.

"बघेन," मी म्हटलं.

"मग आधी कळवून येत जा. आवरून ठेवीन."

मी हो म्हटलं. मला जायचं होतं तिच्याकडे.